फुटक्या कोशांचं सूत

“लुगडं वर घे, पोरी, मांडी मोकळी कर. दाराकडे पाहू नको. इथं मर्दमाणूस येत नाही.”

आईचा हा आवाज रेवताच्या कानात अजून तसाच होता, थोडा घोगरा, थोडा हसरा. तेव्हा ती एवढीशी होती की धागा फिरवायला तिची मांडीच पुरत नव्हती. आईने तिचा तळवा आपल्या मांडीवर ठेवला, त्यावर आपला तळवा दाबला आणि दोघींचे हात मिळून पुढे सरकले. उकडलेल्या कोशातून तंतू निघाले, राखेच्या चिमटीने आणि थुंकीच्या ओलीने एकमेकांना बिलगले, आणि मांडीवरून खाली उतरेपर्यंत त्यांचं सूत झालं. आई गात होती:

मांडीची केली वाट, धागा चालला चालला
कातडीचा माझ्या रंग, नवरीच्या पदराला

आई जाऊन खूप वर्षं झाली. रेवताच्या केसांत पांढरं आलं, लेकीची लेक शाळेत जायला लागली. पण कोसाघराचा उंबरा ओलांडला, की आधी तो आवाज यायचा आणि मग उकडत्या कोशांचा वास.

कोसरटोला हे वैनगंगेच्या काठावरचं ढिवरांचं गाव. नदीत मासे, रानात कोसा म्हणजे रानरेशीम, या दोन गोष्टींवर गाव जगत आलं. पावसाळा लागला की पुरुष ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडून रानातच झोपड्या घालायचे. गुलेरीने खडे मारून पाखरं हाकायचे, मुंग्या झाडायचे. अळ्यांनी कोसे बांधले की काम बायांच्या हातात. बाया कोसाघरात मांडी उघडी टाकून बसायच्या, म्हणून तिथे पुरुषाने डोकावायचंही नाही. सरकारने मध्यंतरी सूत काढायची यंत्रं दिली होती. त्यांच्यावर आता कोंबड्या अंडी घालत.

आणखी एक रीत होती. बियाण्यासाठी राखलेल्या कोशांतून पतंग स्वतः भोक पाडून उडायचा. मागे राहिलेला फुटका कोसा जाळायचा नाही. जीव जिथून सुखाने उडाला ते घर पेटवलं तर लेकीबाळींचे संसार पेटतात, असं म्हाताऱ्या सांगत. फुटक्या कोशांचं सूत मांडीवरच काढायचं, आणि त्याचा काठ नवऱ्या मुलीच्या लुगड्याला लावायचा.

ही रीत कोणी मोडली नाही. नवी अळी आली, तेव्हाही नाही.

*

नवी अळी आणली नागपूरच्या एका संस्थेने. समाजमंदिरात सभा भरली होती. डॉ. शलाका भागडकर नावाची उंच, सावळी, खळखळून हसणारी बाई चटईवर मांडी घालून बसली आणि पहिल्याच वाक्यात तिने बायांना जिंकलं. “मी तुम्हाला शिकवायला नाही आले. तुमची अळी काय करते ते सांगायला आलेय.”

तिने सांगितलं ते असं. कोशाचा धागा म्हणजे प्रथिनांची लांबच लांब साखळी. वरचा डिंक धुऊन काढला, की माणसाचं शरीर या धाग्याला परका मानत नाही. हळूहळू विरघळवून आपल्यात घेतं. तुतीच्या पाळीव रेशमाचंही तसंच. पण रानातल्या कोशाच्या साखळीत एक बारीकशी कडी जास्त असते. वेल जशी मांडवाच्या काठीला धरून चढते, तशा आपल्या कातडीच्या पेशी त्या कडीला धरून जखमेवर पसरतात. म्हणून कोशाची पट्टी ही जखमेवर नुसतं झाकण नसते, ती मांडव असते.

“आम्ही त्या मांडवात एक निरोप ठेवलाय,” डॉक्टरीण म्हणाली. “अळीच्या बीजातच फरक केला. आता ती धागा काढते तेव्हा त्यातच ‘वाढ’ असा निरोप विणलेला असतो. पण तो कुलपात. जखम उघडी असते तेव्हा तिच्यात काही रस पाझरतात, तेच रस ती कुलपं उघडतात. जखम भरली की रस थांबतात, कुलपं बंद. धडधाकट कातडीवर हा धागा गुंडाळून फिरलात तरी काही व्हायचं नाही.”

“म्हंजे अळीच्या थुंकीनं माणूस सांधते म्हना की!” मागून कुंदा ओरडली.

कुंदा रेवताची धाकटी जाऊ. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

“अगदी तसंच,” डॉक्टरीण हसली.

“मंग आमच्या सासूच्या जिभेनं जे फाटलं हाये, त्यालेबी एक पट्टी द्या.”

सगळी सभा हसली. हसू विरल्यावर मात्र डॉक्टरिणीचा आवाज बदलला. “दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, सबंध कोसे सगळे आम्हालाच द्यायचे, बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. फुटलेले कोसे जाळून टाकायचे. दुसरी, कुणाच्याही चांगल्या कातडीवर काही उगवलं, गाठ आली, डाग आला, तर मला सांगायचं. एका माणसाला जरी झालं तरी पट्टी त्याच दिवशी बंद होईल. सगळीकडची. मी स्वतः बंद करीन.”

बायांनी माना डोलावल्या. घरी येऊन फुटके कोसे मडक्यांत भरले आणि माळ्यावर ठेवले. गावातल्या कोणाला त्यात खोटेपणा वाटला नाही. डॉक्टरीण परगावची, तिला रीत काय ठाऊक. आणि ‘सूत कशावर काढता’ असं तिने विचारलंच नव्हतं. मांडीवर सूत काढणाऱ्या बाया आता उरल्या नाहीत, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

*

रेवताच्या घरात त्या पट्टीची वाट पाहणारा एक जीव होता.

रेवताची लेक प्रणिता. तिची मुलगी नक्षत्रा, घरात सगळे नक्षी म्हणायचे. जन्मली तेव्हा नर्सने कापसाने पुसायला घेतलं आणि कापसाबरोबर कातडी निघून आली. आपल्या कातडीचे दोन थर एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना बांधणारा दुवाच नक्षीत नव्हता. काखेत धरून उचललं की फोड, दुपट्याची शिवण घासली की फोड, रडून गाल पुसला की गालाची साल निघायची. नक्षीचा बाप ती वर्षाची व्हायच्या आत जो गेला तो गेला. रेवताने नातीला कधी कुशीत घेतलं नाही. कापसाच्या गादीवर ठेवायची आणि गादीच उचलायची. अंगाईसुद्धा लांबून म्हणायची, जणू तिच्या श्वासानेही पोर सोलवटेल.

अशी लेकरं फार जगत नाहीत, हे डॉक्टरांनी कोपऱ्यात नेऊन सांगितलं होतं.

मग पट्टी आली. कोसा पिकवणाऱ्या गावाला ती आधी मिळाली, आणि प्रणितालाच संस्थेने उपकेंद्रात पट्टी लावायचं काम दिलं. भिजलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी, पाण्यात टाकली तर दिसूही नये अशी. महिनोन्‌महिने रोज कुठे ना कुठे पट्टी लावत गेल्या मायलेकी. आधी तळपाय भरले, मग गुडघे, मग पाठ. नवी कातडी गुलाबी यायची, आणि धाग्याच्या कडीने दोन्ही थर धरून ठेवल्यामुळे जागची हलायची नाही.

एक दिवस नक्षी धावत आली आणि रेवताच्या गळ्यात पडली. रेवता श्वास रोखून उभी राहिली. आता सोलेल, आता निघेल. काही झालं नाही. पोरीचे दोन्ही हात मानेभोवती होते, घामेजलेले, खरेखुरे. त्या दिवशी रेवता चुलीशी बसून एवढी रडली की भात करपला.

नक्षी आता सात वर्षांची होती. भांडायची, चिंचा पाडायची, मास्तरांची नक्कल करायची. पट्टी मात्र कायमची. जुनी कातडी कुठे ना कुठे उकलायचीच, आणि पट्टी थांबली तर सहा महिन्यांत पोर पुन्हा गादीवर येईल, हे प्रणिता न बोलता जाणून होती.

*

एका सकाळी रेवताने नक्षीच्या टाचेची पट्टी बदलली. पट्टीखाली भरत्या जखमेचे लाल लाल दाणे वर आले होते, ओल्या डाळिंबासारखे. प्रणिता त्यांना मांसांकुर म्हणायची. जखम भरत असल्याची खूण. तो रंग रेवताला देवाच्या कुंकवाहून प्यारा झाला होता.

दुपारी कोसाघरात कुंदा तिच्याजवळ सरकली. बाकीच्या बाया पाणी प्यायला उठल्या होत्या.

“बाई, एक दाखवू? हासू नोको.”

तिने लुगडं आणखी वर ओढलं. मांडीच्या वरच्या अंगाला, जिथे धागा रोज वळतो, तिथे दाण्यांचा एक घोस होता. लाल. ओला. डाळिंबासारखा.

रेवताच्या हातातलं सूत तुटलं.

“खाज सुटते नुस्ती,” कुंदा म्हणाली. “अन् मरण म्हंजे जागा कोणती! डॉक्टरले दाखवाले जावं तर तो म्हनंल, बाई पाय दाखव, अन् मी म्हनंन, अजून वर, अजून वर…” आणि तोंडाला पदर लावून हसली.

शास्त्र पुढे तपासणीत उलगडलं. संस्थेने कुलूप केलं होतं ते जखमेच्या रसांसाठी. कोसाघरात तोच धागा राखेच्या खारात भिजायचा, थुंकीने ओला व्हायचा आणि उघड्या मांडीवर दिवसभर रगडला जायचा. राखेने धागा सैल होई, घासण्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठत, आणि त्या ओरखड्यांतून पाझरणारे रस कुलपं उघडत. जखम नसलेल्या कातडीला रोज निरोप जायचा: तू जखमी आहेस, भर. कातडी बिचारी आज्ञाधारक. ती भरत राहिली. भरायला काही उरलं नाही, तरी भरत राहिली.

एवढं रेवताला त्या दुपारी कळलं नाही. तिला फक्त रंग कळला. एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन जागा. एक नातीच्या टाचेवर, दुसरी जावेच्या मांडीवर. आणि दोन्हींमध्ये एकच गोष्ट होती, जी आत्ता तिच्या बोटांना चिकटली होती.

आणि लगेच, पाठोपाठ, आवाज आला तो डॉक्टरिणीचा. एका माणसाला जरी झालं तरी.

“दोन-चार महिने बसनं थांबवू का मी?” कुंदा विचारत होती. “तुले काय वाटते?”

रेवताने वर पाहिलं नाही. कुंदा थांबली तर बाया विचारतील, काऊन थांबली. कुंदा सांगेल, कारण कुंदाच्या पोटात काही राहत नाही. एकीला कळलं की सगळ्या कोसाघराला, संध्याकाळी गावाला, आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला. तिला गादी दिसली. कापसाची, डागाळलेली, माळ्यावर गुंडाळून ठेवलेली गादी.

“गळू असंल,” ती म्हणाली. “हळद लाव. अन् कातत राह. तू नाही बसली तं कोसाघर सुनं पडते.”

“म्हंजे बाकीच्या मांडीनं कातते अन् मी जिभेनं,” कुंदा म्हणाली, आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात आंघोळीला बसताना रेवताला आपल्या मांडीवर पहिला दाणा दिसला. आश्चर्य म्हणजे तिला बरं वाटलं. तीही रोज बसत राहिली, सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या मागून उठायची. आपली मांडी तिने नक्षीवरून ओवाळून टाकली. पण कुंदाची मांडी ओवाळून टाकायला ती कोण होती? हा प्रश्न यायचा. ती धागा आणखी जोरात रगडायची.

*

कुंदाला जांघेत गाठ आली तेव्हा उशीर झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात रेवताच तिच्यासोबत गेली. हिरव्या पडद्याआड एक तरुण डॉक्टर वाकून मांडी पाहत होता आणि कुंदा छताकडे पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला विनोद सुचत नव्हता.

“कशाने झालं हे? कधीपासून आहे? या जागी काही लागलं होतं का, भाजलं होतं का?”

कुंदाने मान वळवून रेवताकडे पाहिलं. मांडीवर सूत काढतो म्हणावं तर फुटके कोसे जाळले नाहीत हे उघडं पडणार, गावाचा कोसा जाणार. एवढाच तिचा हिशेब होता. भोळा. तिला वाटलं, आपण गाव वाचवतोय.

“भाजलं होतं,” ती म्हणाली. “लहानपणी. चुलीत पडली होती मी.”

“जुन्या भाजल्याच्या जागी होतो असा कॅन्सर कधी कधी,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. त्याचं चुकलं असं नाही. त्याला जे सांगितलं त्याचं उत्तर बरोबरच होतं.

रेवताच्या ओठांशी शब्द आला होता. गाठ कापून तपासायला पाठवणार होते. त्यांना नुसतं कोशाचं नाव सांगितलं असतं तर नजर बदलली असती, औषध बदललं असतं कदाचित. तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. नक्षी होती. “आजी, कुंदाआजी बरी झाली का? मी आज झाडावर चढली होती! आईले नको सांगू!”

रेवताने फोन ठेवला आणि कुंदाच्या पायावर चादर ओढली.

परत आल्यावर कुंदा खाटेवरच होती. पाय सुजून खांबासारखा झाला होता. अंगणात तिने आपल्या सुनेला, रोशनीला बोलावलं. तिच्या मुलाचं, मंगेशचं, नुकतंच लग्न झालं होतं. रोशनी शहराकडची, दहा मिनिटं फोनशिवाय राहत नसे, पण सासूचं सगळं हसत करायची.

“बाई,” कुंदा रेवताला म्हणाली, “माह्या जागेवर हिले बसव. मांडी चांगली हाये पोरीची, लांब हाये. तू शिकवजो. दुसरीच्या हातचं नाही जमत मले.”

“आई, आधी बऱ्या व्हा ना,” रोशनी म्हणाली.

“होते ना. तोवर जागा राख. नाही तं ते शेजारीण बसंल, अन् ते गाते कशी, जसी म्हैस पान्यात बसली.” कुंदा हसली, हसताना कळ आली, आणि तिने रेवताचा हात पकडला. “तू होती म्हून निभलं, बाई. सख्ख्या बहिनीनं नसतं केलं एवढं.”

रेवताने हात सोडवला नाही. तेवढं तरी तिने केलं.

माघात कुंदा गेली. तेरावं उरकल्यावर रोशनी कोसाघराच्या दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा सगळ्या बाया रेवताकडे पाहू लागल्या. नाही म्हणायला कारण लागतं. रेवताकडे एकच कारण होतं आणि ते बोलता येत नव्हतं. तिने सरकून जागा केली. रोशनीचा तळवा तिच्याच मांडीवर ठेवला, वरून आपला हात ठेवला. दोघींचे हात मिळून पुढे सरकले.

*

पुढच्या हंगामात रोशनीला दिवस गेले होते. एका दुपारी, बाकीच्या बाया जेवायला गेल्या असताना, ती कोसाघरात मोठ्याने म्हणाली, “मोठ्याई, हे पाहा ना, मच्छर चावला का काय! कितीक दिवस जातच नाही.” लाज नाही, लपवणं नाही. रेवताने काही म्हणायच्या आत तिने फोन काढला, मांडीचा फोटो घेतला. “प्रणिताताईले पाठवते. मलम सांगतील त्या.”

रेवता संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. घरी आली तेव्हा प्रणिता स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, फोन पालथा घालून.

“आई, दार लाव.”

रेवताने दार लावलं.

“रोशनीनं फोटो पाठवला.” प्रणिताचा आवाज कोरडा होता. “मी पुसून टाकला. तिले मलम देऊन दिलं. आता तूच सांग, मी काय केलं हे?”

रेवता खाली बसली. बाहेर नक्षी दोरीवरच्या उड्या मारत होती. दोरी जमिनीवर आपटल्याचा सपसप आवाज येत होता.

“तुम्ही फुटके कोसे कातता, हे मले माहीत होतं,” प्रणिता म्हणाली. “सगळ्या गावाले माहीत आहे. पण हे… कुंदाकाकूचंही असंच होतं का?”

रेवता चुलीतली राख सारखी करू लागली.

“तुले माहीत होतं?”

रेवताने तोंड उघडलं, तसा प्रणिताने झटकन हात पुढे केला. “नको. सांगू नको मले. तू सांगितलं तर मले वर कळवावं लागते. संस्थेच्या कागदावर माझी सही आहे. न सांगता राहिलं तर… न सांगता राहू दे ना आई.” ती रडत नव्हती, नुसती बोटांनी पाटाची कड कुरतडत होती. “ती कशी उड्या मारते, ऐक. मी तिले पुन्हा गादीवर नाही पाहू शकत. तू पाहू शकशील?”

“अन् रोशनी?”

“रोशनीले मी बघते. कापून काढून टाकू लहान आहे तोवर. कोणाले कळणार नाही.”

“बाकीच्या बाया?”

प्रणिताने पालथा फोन पाटाखाली सरकवला. सपसप, सपसप.

त्या दिवसापासून मायलेकी एकमेकींशी फक्त भाजी-भाकरीचं बोलायच्या. रेवता कोसाघरात बसली की आता तिची नजर सुतावर ठरत नसे. ती मांड्या पाहायची. कोणी लुगडं जरा जास्तच खाली ओढून बसली होती, कोणी एकाच मांडीवर काम करत होती, कोणी धागा फिरवताना ओठ चावत होती. प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्यालाच झालंय. प्रत्येकीने आपापली लाज आपापल्या पदराखाली धरली होती, आणि मधोमध रोशनी मोकळी बसून गात होती. तिचं पोट दिसायला लागलं होतं, आणि दाणा कापायचं प्रणिता पुढेच ढकलत होती.

*

कोसे उतरल्यावर डॉक्टरीण दर हंगामाला यायची. याही वेळी आली. समाजमंदिर भरलं होतं. बाया एकीकडे, रानातून उतरलेले पुरुष एकीकडे. मंगेश दाराला टेकून उभा. नागपूरहून पाहुणे आले होते, आणि त्यांना दाखवायला डॉक्टरिणीने नक्षीला पुढे बोलावलं.

“ही नक्षत्रा. हिच्याकडे बघून सांगा बरं, आजारी वाटते का?”

“मी नाचून दाखवू का?” नक्षीने विचारलं, आणि कोणी हो म्हणायच्या आधी दोन गिरक्या घेतल्या. टाळ्या पडल्या. नक्षी डॉक्टरिणीचं बोट धरून तिथेच उभी राहिली, लाजत, सगळ्यांकडे बघत.

शेवटी डॉक्टरिणीने तो प्रश्न विचारला, जो ती दर वेळी विचारायची. “कुणाला काही त्रास? अंगावर काही उगवलं, काही वेगळं? सांगायचं असेल तर आत्ताही सांगा, नंतर एकटं येऊनही सांगा.”

बायांच्या ओळीत दर वेळेसारखंच कुठे काही हललं नाही. फक्त रोशनी, कशाचं काही नसल्यासारखी, लुगड्यावरून मांडी खाजवत होती.

रेवता उठली.

“आई,” प्रणिता हळूच म्हणाली. “आई, बस खाली.”

रेवताने लेकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती, आणि त्या विनवणीवर रेवताने इतके दिवस काढले होते. ती पुढे गेली. पाहुण्यांपुढे, दिरांपुढे, मंगेशपुढे.

“डॉक्टरीणबाई, फुटके कोसे आम्ही जाळत नाही. मांडीवर काततो. राख लावून. समद्या.”

बायांच्या ओळीतून एक आवाज निघाला, हुंदक्यासारखा. कोणीतरी म्हणालं, “रेवते!” डॉक्टरिणीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने काही विचारायच्या आधीच तिला उत्तर कळत गेलं असावं. तिचा हात नक्षीच्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

“मांडीवर,” ती म्हणाली. “किती जणींना?”

“माह्या मांडीवर हाये. रोशनीच्या हाये. बाकीच्याईच्या त्या सांगतील आता.” रेवताने ओळीकडे पाहिलं नाही. “कुंदा त्याच्यानंच गेली. चुलीत नव्हती पडली ते कधी.”

मंगेश दारापासून सुटला आणि एक पाऊल पुढे आला.

“पट्टी बंद करावी लागेल,” डॉक्टरीण अगदी खालच्या आवाजात म्हणाली, जणू परवानगी मागत होती. “आजच. तुम्हाला माहीत आहे ना, याचा अर्थ काय?”

“आजी?” नक्षी म्हणाली. “काय झालं?”

रेवताने नातीकडे पाहिलं. गुलाबी तळपाय, उघडे, जमिनीवर घट्ट रोवलेले.

“माहीत हाये.”

“आणि हे तुम्हाला कधी कळलं?”

मागे प्रणिताने तोंडावर हात दाबला होता. मंगेश आता एवढा जवळ होता की रेवताला त्याचा श्वास ऐकू येत होता. ती डॉक्टरिणीकडून वळली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

“तुह्या मायच्या मांडीवर पयला दाणा आला, त्याच दिवशी कळलं होतं मले. तिनं इचारलं होतं, थांबू का म्हून. मीच म्हटलं, हळद लाव अन् कातत राह.”